मुखवटा ठेवला, खेळ चालू राहिला
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'मला भावलेला चित्रपट' या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी निवडला आहे 'धिस इज ग्वार' हा माहितीपट. दिग्दर्शक स्कॉट बार्बर, साल २०२१.

ग्वार हा अमेरिकेतला हेवी मेटल बँड. १९८४ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात जन्मला आणि आजही चालू आहे. ही मंडळी रबर-फोमचे मुखवटे, शिंगे, चिलखते चढवून रंगमंचावर येतात. आपण अंतराळातून हाकलले गेलेले दैत्य आहोत, अशी त्यांची कथा. तिथे मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या पुतळ्यांची मुंडकी उडतात आणि खोट्या रक्ताच्या पिचकाऱ्या थेट प्रेक्षकांवर येतात. लोक मुद्दाम पांढरे कपडे घालून जातात आणि डाग मिरवत घरी परततात. बाई, घाबरू नका, आज त्यातले काही दाखवणार नाही!

याची सुरुवात मात्र आपल्या गॅदरिंगसारखीच आहे. हंटर जॅक्सन हा कलाशिक्षण घेतलेला तरुण एका चित्रपटासाठी राक्षसांचे पोशाख बनवत होता. त्याच इमारतीत डेव्ह ब्रॉकीचा एक छोटा बँड सराव करायचा. ती इमारत म्हणजे बंद पडलेली जुनी डेअरी, कोपऱ्यांवर दुधाच्या बाटलीच्या आकाराचे मनोरे असलेली. ब्रॉकीने ते पोशाख मागून घेतले आणि आपल्याच कार्यक्रमाआधी गंमत म्हणून राक्षसांचा बँड उभा केला. लोक राक्षस पाहून खूश व्हायचे आणि खरा बँड सुरू झाला की निघून जायचे. मग गंमतच खरी झाली.

माहितीपटात मला आवडले ते हे की साचे ओतणारे, शिवणारे, रक्ताचे पंप सांभाळणारे हातही त्यात दिसतात. बँड सोडून गेलेलेही बोलतात, आणि रुसवेफुगवे झाकलेले नाहीत.

२०११ मध्ये दौऱ्यावर असतानाच गिटारवादक कोरी स्मूट गेला. मार्च २०१४ मध्ये ब्रॉकी गेला, अवघ्या पन्नाशीत. तीस वर्षे तो 'ओडेरस' नावाचा दैत्य होता. तोच बँडचा चेहरा, तोच आवाज. आता दुकान बंद, असे कुणालाही वाटले असते.

त्या मंडळींनी काय केले? ओडेरसचा मुखवटा दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर चढवला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाहत्यांसमोर, तळ्याकाठी, त्या पोशाखाला अग्नी दिला. मग पुढे उभा राहिला मायकेल बिशप. हा पूर्वी याच बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. मधल्या काळात त्याने संगीतात डॉक्टरेट मिळवली होती. तो परत आला, पण नवे नाव आणि नवा मुखवटा घेऊन. जुन्या मित्राची जागा रिकामीच ठेवली आणि तिच्या शेजारी नवी जागा केली.

हे आज सांगायचे कारण तुम्हाला माहीत आहे. आपले मेळावे ज्याने सुरू केले, प्रत्येकाचा नंबर ज्याच्या वहीत होता, तो मित्र या वर्षी आपल्यात नाही. 'त्याच्याशिवाय कशाला?' असे आपल्यापैकी अनेकांनी म्हटले. त्या म्हणण्यात प्रेमच होते. पण त्याने जमवलेली माणसे पांगली, तर त्याच्या मागे त्याचे असे काय उरेल?

माझी विनंती एवढीच. त्याच्यासारखे सूत्रसंचालन करायचा कुणी प्रयत्न करू नये. ते त्याच्याबरोबर गेले. पुढच्या वर्षीचे काम दोघांनी-तिघांनी वाटून घ्यावे, आपापल्या पद्धतीने करावे. चुकतमाकत का होईना, जमावे. आणि ज्यांनी फक्त खुर्च्या मांडल्या, भात वाढला, त्यांचीही नावे या स्मरणिकेत छापावीत.

वहीतले नंबर मी उतरवून घेतले आहेत. जाताना आपापला तपासून जा.