इशाऱ्याची किंमत कोणी मोजावी?

(कळंब येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले. ते पाणी पोटात घेऊन दुपारी खडकवासल्याची भिंतही कोसळली. धरण धोक्यात आहे हे आदल्या रात्री शासनाला ठाऊक होते, लष्कराचे जवान तेथे वाळूची पोती रचीत होते. नदीकाठच्या पुणेकरांना मात्र वेळेवर, निःसंदिग्ध शब्दांत कोणी काही सांगितले नाही. लोक घाबरतील, ही सबब प्रशासनाला नेहमीच सोयीची वाटत आली आहे. माहिती मिळालेला माणूस घाबरला तरी वाट शोधतो, हे तिला उमगत नाही.

यवतमाळ जिल्ह्याला हे परके नाही. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगरात लोक पुराने वेढले गेले, तेव्हा हेलिकॉप्टर मागवावे लागले. कळंबही चक्रावतीच्या काठी वसलेले आहे.

आपल्याकडे इशारा निघतो तो 'इतक्या क्यूसेकचा विसर्ग' अशा भाषेत. क्यूसेक म्हणजे काय, हे नदीकाठच्या मजुराला कोण सांगणार? पाणी कोणत्या पुलावरून जाईल, कोणत्या घरांना लागेल, रात्री कोणत्या शाळेत जायचे, एवढे त्याला हवे असते. आणि जिल्ह्यात कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी माणसे आहेत, याचाही विसर पडू नये. जुनी दवंडी निदान दारापर्यंत येत असे.

खरा प्रश्न मात्र पुढेच आहे. इशारा फुकट नसतो. घर सोडणाऱ्या मजुराचा रोज बुडतो, शेळ्या आणि धान्य वाऱ्यावर राहते. पूर आलाच नाही तर ते नुकसान त्यानेच सोसायचे. इशारा देणाऱ्याचे काहीच जात नाही. मग पुढच्या वेळी तो जागचा हलला नाही, तर त्याला अडाणी म्हणायचे!

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने स्थानिक संस्थांवर कर्मचारी प्रशिक्षित करण्याची व साधने सज्ज ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा पावसाळ्यापूर्वी कळंबच्या नगरपंचायतीपुढे मागणी ठेवावी: इशारा कोण देणार त्याचे नाव प्रत्येक वस्तीत फलकावर लावा, इशारा चुकला तर तसे जाहीर सांगा, आणि त्या दिवसाची मजुरी भरून द्या. पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न येईल. पूर ओसरल्यावर पंचनामे करून जे अनुदान वाटले जाते, त्यातील थोडा हिस्सा आधीच बाजूला का ठेवता येऊ नये, हे सभेत विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.