नांगर, कथा आणि वाचक

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी मराठीच्या प्राध्यापकाने काव्य, कादंबरी वा समीक्षा यांवर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज बाजाराविषयी बोलणार आहे. विक्रीच्या आधुनिक शास्त्रात, ज्याला सर्वत्र मार्केटिंग म्हणतात, ‘कथा सांगा’ हा मंत्र झाला आहे. मालाचे गुण सांगू नका, त्याची गोष्ट सांगा. आणि नुसती सांगू नका, ऐकणाऱ्यालाही तिच्यात सहभागी करून घ्या, अशी या शास्त्राची शिकवण आहे. त्यासाठी इंटरनेटवर प्रश्नमंजूषा, खेळ, मतचाचण्या अशी नाना साधने सिद्ध आहेत. कथा हा तर आपल्या घरचा विषय. घरची वस्तू कोणी बाजारात नेली असेल, तर ती तेथे कोणत्या कामी येते आहे हे पाहणे आपले कर्तव्यच ठरते.

कथेच्या द्वारा मन वळवण्याची कला शोधण्यासाठी ग्वाल्हेरबाहेर जाण्याचे कारण नाही. ढोलीबुवांच्या मठाची कीर्तनपरंपरा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तानसेन समारोहाच्या आरंभी सनईबरोबर ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते आणि मिलादही होतो, ही या शहराची शालीन रीत आहे. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. कोरडा सिद्धान्त श्रोत्याच्या गळी उतरत नाही, आख्यानाच्या ओघात तो सहज उतरतो, हे त्याला ठाऊक असते. शिवाय तो सभा पाहून बोलतो. श्रोत्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला की दृष्टान्त बदलतो, डोळ्यांत पाणी दिसले की तेथेच थांबतो. वक्ता आणि श्रोता यांच्यातील देवघेव आपल्याकडे यंत्राच्या पुष्कळ आधी होती. या देवघेवीत कीर्तनकाराच्या ताटात काही पडत नाही असे नाही. पण श्रोता घरी जातो तो काही घेऊनच जातो. ही खूण आपण ध्यानात ठेवू या.

आता मराठी उद्योगाच्या इतिहासातील एक प्रकरण पाहू. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर प्रथम बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत होते. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि नंतर लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता, पण तो घेण्यास शेतकरी तयार होईना. लोखंडामुळे जमिनीला विष बाधते, अशी समजूत तेव्हा रूढ होती. १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. परंतु लोखंड ओतणे त्या मानाने सोपे होते. शेतकऱ्याच्या मनातील विषाची शंका काढणे कठीण. अशी शंका जाहिरातीतील मोठ्या अक्षरांनी जात नाही. शेजारच्या शेतातील पीक पाहून जाते, किंवा त्या पिकाची हकीकत विश्वासाच्या माणसाकडून ऐकून जाते.

ही गोष्ट ज्यांनी ओळखली ते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, आपल्या वाचकांचे ‘शंवाकि’. हातात चित्रकला आणि डोक्यात नव्या कल्पना असलेल्या या तरुणाकडे कारखान्याच्या जाहिरातीचे काम होते. त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटेखानी गृहपत्र काढले. कारखान्याची वार्ता, मालाची माहिती, उद्योगाविषयी चार उत्साहाचे शब्द, असा त्याचा आरंभ. हळूहळू त्यात लेख आले, कथा आल्या, समाजाच्या व्यंगावर बोट ठेवणारी ‘टाकाच्या फेकी’ ही शंवाकिंची व्यंगचित्रे आली. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहामुळे ‘खबर’ हा शब्द गळला आणि १९२९ पासून मासिक केवळ ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. नांगर खपावा म्हणून निघालेल्या एका पत्रकाने मराठी मध्यमवर्गाची दोन पिढ्यांची अभिरुची घडवली. ‘स्त्री’ने तर पत्रे आणि लेख यांच्या द्वारा कित्येक गृहिणींना लिहिते केले.

हे किर्लोस्करांनाच सुचले असे नव्हे. अमेरिकेत पोलादी नांगराने नाव मिळवलेल्या जॉन डिअर कंपनीने १८९५ पासून ‘द फरो’ हे शेतकऱ्यांचे नियतकालिक चालवले. फरो म्हणजे नांगराचे तास. नांगर विकणाऱ्याने शेतीचे ज्ञान वाटावे, आपल्या मालाचा डांगोरा कमी पिटावा, आणि विश्वास जोडावा, ही त्यातील नीती. आज ज्यास नवे शास्त्र म्हणतात, त्याचे मूळ असे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतात आहे. मात्र आपल्याकडे त्या रोपट्याला साहित्याचे फळ लागले. कारण शंवाकिंनी वाचकाला गिऱ्हाईक मानण्यापूर्वी वाचक मानले. ज्याच्या घरी शेत नव्हते आणि जो आयुष्यात नांगर विकत घेणार नव्हता, तोही ‘किर्लोस्कर’ची वाट पाहत असे. कथेचा दर्जा जोखण्यास यापरती कसोटी मला माहीत नाही.

श्रोत्यांच्या सहभागाचेही एक जुने उदाहरण आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची गळचेपी झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर दंतमंजनाच्या एका उत्पादकाने ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली आणि अमीन सयानींचा आवाज घरोघर पोचला. श्रोत्यांनी पत्रे लिहावीत, गावोगावच्या श्रोतासंघांनी पसंती कळवावी आणि त्यावर गीतांचे क्रमांक फिरावेत, अशी ती योजना होती. कार्डावर आपले मत पाठवणारा श्रोता स्वतःला कार्यक्रमाचा भागीदार समजत असे. काय कळवायचे आणि काय कळवायचे नाही, हे मात्र तो स्वतः ठरवीत असे.

बाजाराची कथा नेहमी पूर्ण असते असे नाही, हेही या शहराने पाहिले आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या ग्वाल्हेर रेयॉनच्या कापडाने आपल्या गावाचे नाव देशभर नेले. मन्सूर अली खान पतौडी आणि शर्मिला टागोर यांच्या रुबाबदार छायाचित्रांखाली ‘ग्वाल्हेर सूटिंग’ ही अक्षरे झळकत. त्या कथेत नवाबी डौल होता. बिर्लानगरच्या भोंग्यावर उठणारा कामगार त्यात नव्हता. पुढे तेथील गिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्या कामगाराची कथा सांगण्यास कोणतीही जाहिरात आली नाही, आणि येणारही नव्हती. जाहिरात तिला हवा तेवढाच भाग सांगते. उरलेला भाग सांगणे हे साहित्याचे काम आहे, आणि तो जपणे हे ग्रंथालयाचे.

आता वर्तमानाकडे येऊ. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरी कंपनीने एक विलक्षण उपक्रम केला. टाळेबंदीने पिचलेल्या छोट्या दुकानदारांना संकेतस्थळावर आपल्या दुकानाचे नाव भरून स्वतःची जाहिरात तयार करता येत होती. तीत शाहरुख खान त्या दुकानाचे नाव घेऊन तेथे खरेदी करा असे सांगत. त्यांचा चेहरा आणि आवाज यंत्रबुद्धीने जुळवला जाई. लाखोंच्या मानधनाचा नट कोपऱ्यावरच्या वाण्याचे नाव घेतो, ही कथा कोणालाही भावेल. साधनाचा हा सदुपयोग म्हणावा लागेल, कारण दुकानदाराला कळत होते की आपण काय देतो आहोत आणि काय मिळवतो आहोत. त्याबरोबर एक अस्वस्थ करणारा विचारही येतो. माणसाने न उच्चारलेले शब्द त्याच्या मुखी घालणे इतके सुकर झाले असेल, तर उद्या प्रत्येक कथेला ‘सांगणारा कोण?’ हा प्रश्न विचारावा लागेल.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. फेसबुकवर २०१४ च्या सुमारास व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेणारी एक प्रश्नमंजूषा निघाली. सुमारे पावणेतीन लाख लोकांनी ती हौसेने सोडवली. परंतु तिच्या वाटेने त्यांच्या मित्रमंडळींचीही माहिती काढून घेण्यात आली आणि ती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराच्या संस्थेकडे गेली. २०१८ साली हे उघड झाले, तेव्हा आठ कोटी सत्तर लाखांपर्यंत लोकांची माहिती अशी गेली असावी, असे फेसबुकनेच मान्य केले. आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, त्यामागे अशाच घटनांनी जागवलेली सावधगिरी आहे.

श्रोतेहो, ‘बिनाका’चे कार्ड आणि ही प्रश्नमंजूषा यांतील फरक नीट पाहिला पाहिजे. दोन्ही ठिकाणी विक्रेता ऐकत होता. पहिल्या ठिकाणी श्रोता बोलला तेवढेच त्याने ऐकले. दुसऱ्या ठिकाणी वाचक जे बोलला नव्हता, तेही त्याच्या पाठीमागे टिपून घेतले गेले. पहिल्याला संवाद म्हणतात, दुसऱ्याला पाळत. कीर्तनकार श्रोत्याच्या डोळ्यांत पाहतो तेव्हा श्रोताही त्याच्याकडे पाहत असतो. आजचे साधन मात्र पडद्याआडून पाहते आणि आपण पाहिले जात आहोत याची जाणीव वाचकाला होऊ देत नाही. जो भोळेपणाने हसत-खेळत उत्तरे देतो, त्याच्याच भीतीला आणि हौसेला मग हेरून कथा रचली जाते. प्रत्येकाला वेगळी कथा मिळू लागली की सर्वांनी मिळून ऐकायची कथा उरत नाही. आणि सर्वांनी मिळून ऐकायची कथा नसेल, तर समाजाला समाज म्हणण्यास काय आधार?

हा प्रश्न आपल्या ग्रंथालयाच्या दारापर्यंत येऊन पोचला आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तिसऱ्या-चौथ्या पिढीची मुले मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. याचे खापर आपण हिंदी वातावरणावर फोडतो. वस्तुतः या मुलांना लिपी नव्याने शिकायची नाही; हिंदीमुळे देवनागरी त्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे. लंडन वा न्यू जर्सीतील मराठी मुलापुढे असणारा हा मोठा अडथळा आपल्याकडे नाहीच. अडथळा लोखंडी नांगरासारखा आहे. मराठी पुस्तक जड असते, ते आजोबांसाठी असते, अशी एक समजूत रुजली आहे, आणि ती आवाहनाच्या पत्रकांनी जाणार नाही.

म्हणून शंवाकिंची नीती आपण घ्यावी. प्रत्येक सभासदाने आपल्या आवडत्या एका पुस्तकाविषयी दोन मिनिटे बोलावे, ते ध्वनिमुद्रित व्हावे आणि घरोघरीच्या मोबाइलवर पोचावे. मुलांनी एखादा प्रश्न वा आवड कळवावी आणि ग्रंथपालांनी त्यास अनुरूप तीन पुस्तके काढून ठेवावीत. जुन्या देणगीदारांनी कोणत्या निष्ठेने ग्रंथ दिले, याच्या हकीकती वृद्ध सभासदांकडून आताच लिहवून घ्याव्यात. प्रश्नमंजूषा, खेळ, चित्रफिती यांचा विटाळ मानू नये; साधन त्याज्य नाही. मात्र दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. सभासदाने कोणते पुस्तक नेले, ही नोंद ग्रंथालयाबाहेर जाऊ नये, कारण माणूस काय वाचतो हे त्याच्या मनाचे देवघर आहे. आणि आपण सांगू ती कथा खरी असावी. ज्या पुस्तकाची स्तुती करायची, ते सांगणाऱ्याने वाचलेले असावे.

बाजार कथा सांगतो तेव्हा शेवटी आपल्या हातात एक वस्तू ठेवतो आणि पैसे मागतो. त्यात गैर काहीच नाही. नांगरही विकावाच लागतो, नाही तर कारखाना बंद पडेल. परंतु गावात एक तरी जागा अशी असावी, की जेथे कथा ऐकणाऱ्याकडून वेळेवर पुस्तक परत करण्यापलीकडे काही मागितले जात नाही. शंभर वर्षे ही जागा आपल्या पूर्वसूरींनी राखली. ती पुढच्या पिढीच्या हाती द्यायची, तर त्या पिढीशी तिच्या साधनांनी बोलावे लागेल, आणि तिचे बोलणे तितक्याच आदराने ऐकावे लागेल. हे काम आपल्या सर्वांच्या हातून घडो, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.