मडक्यातले इन्सुलिन

(मिरज येथे सहायकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



औषधपेटीसाठी आपण आवाहन केले, तेव्हा तुम्ही भरभरून दिले. त्या पेटीत इन्सुलिनच्या बाटल्याही आल्या. काही सीलबंद, काही अर्ध्या वापरलेल्या, कोणाच्या वडिलांच्या, कोणाच्या सासूबाईंच्या मागे राहिलेल्या. देणाऱ्याचे मन मी जाणतो. पण त्यातली एकही बाटली मला रुग्णाच्या हाती देता आली नाही.

इन्सुलिन ही ५१ दुव्यांची नाजूक साखळी आहे. पोटात गेली तर अन्नासारखी पचून जाते, म्हणून सुई. फार तापली की तिची घडी मोडते. अंड्याचा पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे. आणि बिघडलेले इन्सुलिन पुष्कळदा चांगल्यासारखेच दिसते! म्हणून ती बाटली कोणाच्या खिडकीत किती दिवस होती हे ठाऊक नसेल, तर ती औषध राहत नाही.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याच ऑंटारिओ प्रांतातले डॉ. वानलेस तेव्हा याच मिरजेत, १८९४ मध्ये उभ्या केलेल्या दवाखान्यात काम करीत होते. शंभर वर्षे झाली. औषध खेड्यापर्यंत पोहोचले, फ्रीज मात्र अजून खोपीपर्यंत पोहोचलेला नाही.

आपली कातकरी कुटुंबे कोळशाच्या आणि विटांच्या भट्टीवर जातात. तिथे एका मावशींची बाटली मालकिणीने दयेपोटी आपल्या फ्रीजमध्ये ठेवून घेतली, पण बर्फाच्या कप्प्यात. सकाळी वितळवून परत दिली. मावशी रोज नेमाने सुई घेत राहिल्या आणि साखर चढतच गेली. शेवटी त्यांना शुद्ध हरपलेल्या स्थितीत दवाखान्यात न्यावे लागले. त्या वाचल्या. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी फेकूनच द्यायचे असते, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवावी. दारात नको, तिथे ऊबगार होत राहते. उघडलेली बाटली साधारण २८ दिवस सावलीत, २५ ते ३० अंशांच्या आत चालते. नेमका आकडा वेष्टनावर असतो. उघडल्याची तारीख पेनाने लिहावी. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात लहान मडके, मधे ओली वाळू, आत झाकणाच्या डबीत बाटली, वर ओले फडके. बाटली थेट पाण्यात बुडवू नये. जतच्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालते. कोयनेकडे पावसाळ्यात पाणी वाळतच नाही, तेव्हा मडके गार होत नाही. पण त्या दिवसांत हवाच गार असते.

केनियातील दागाहाली निर्वासित छावणीतल्या तापमानाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवूनही इन्सुलिनचा गुण टिकला होता. यावरून उन्हात ठेवायला हरकत नाही असे कोणी समजू नये. पण फ्रीज नाही म्हणून सुई नाकारणे, हेही मला पटत नाही.

वजन घटवण्याच्या आठवडी सुयांविषयी मंडळीत हळूच विचारले जाते. त्याही याच जातीच्या, गोठल्या की वाया. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुरिअरने मागवलेली पूड टोचून घेऊ नका, एवढेच म्हणतो.

आता मागणे. उरलेल्या बाटल्या पाठवू नका. त्याऐवजी मडक्यांच्या जोड्या द्या, झाकणाच्या डब्या द्या. आणि ज्यांचे घर साखर कारखान्याजवळ किंवा वीटभट्टीजवळ आहे, त्यांनी फ्रीजच्या मधल्या फळीवर एका डब्याची जागा द्यावी. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात. त्याआधी आपली नावे पाळकसाहेबांकडे द्या. बाटल्यांवर नाव आणि तारीख लिहून त्या तुमच्या घरी पोहोचवण्याचे काम आम्ही करू.