रविवार कोणाचा?



या व्यासपीठावर विद्वान येतात. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावरच्या सभांनी आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या वर्तमानपत्रांनी केले. तेव्हा चालकांनी 'प्रवासावर बोला' असे म्हटले, त्या वेळी आम्हांला हसू आले. परदेशातल्या लहान डोंगरगावांत तिथल्याच माणसांच्या घरी उतरून शनिवार-रविवार कसा घालवतात, याची वर्णने आपण ऐकली असतील. आमच्यापाशी पारपत्र नाही. पण डोंगर आमच्याही दारात आहेत आणि यजमानही आहेत. म्हणून आम्ही युनियनमधले चौघेजण एका शनिवारी कर्जतहून निघालो.

पहिला मुक्काम पेठ. आंबिवलीहून चढण चढली की हे गाव लागते आणि त्याच्या डोक्यावर कोथळीगड उभा असतो. किल्ला लहान, पण कारागिरी थोर. गुहेतले खांब कोरीव आहेत आणि वर जाणारा जिना अखंड खडकाच्या पोटातून खोदलेला आहे. छिन्नी धरणाऱ्या त्या हातांचे नाव कोठेही नाही. मजुराच्या बाबतीत इतिहासाची ही जुनीच सवय आहे.

रात्री एका घरी उतरलो. घरच्या मावशींनी तांदळाची भाकरी आणि पिठले वाढले. पहाटे जाग आली तेव्हा चूल पेटलेली होती. रविवार असल्यामुळे किल्ला चढायला मुंबई-पुण्याची तरुण मंडळी येणार, त्यांच्या चहापोह्यांची ती तयारी. सवयीप्रमाणे आम्ही विचारले, "मावशी, तुम्हांला सुट्टी कधी?" त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात पोरं येत नाहीत, तवा सुट्टी. पण मग पैशालाबी सुट्टीच की!"

आम्ही गप्प झालो. कारण रविवारची गोष्ट आम्ही गेली तीस वर्षे सभांतून सांगत आलो आहोत. मुंबईच्या गिरणीकामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तो रविवार आज आपण सारे भोगतो. पण डोंगरावर तो घेऊन जाताना, तिथे तो कोणाच्या कामाचा दिवस होतो, हे आमच्याही ध्यानात आले नव्हते.

दुपारी नेरळमार्गे माथेरानला गेलो. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढला आणि पुढे तिथे साहेबांचे बंगले झाले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने आगगाडी वर नेली. ही नावे पाहुण्यांना ठाऊक असतात. माथेरानातच १९१२ साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले, वकील झाले, कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी झटले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळ्यांना सामोरे गेले, हे मात्र बऱ्याच पाहुण्यांना सांगावे लागते.

आमचे तिथले यजमान हातरिक्षा ओढणारे. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा या रिक्षेत जात. एक माणूस पुढे ओढी, मागून ढकलायला माणसे लागत. येथे एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी गुडघा दुखावला असताना आम्ही स्वतः अशा रिक्षेत बसलो होतो. चढावर पुढच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. उतरल्यावर चार पैसे अधिक दिले आणि मनाची समजूत घातली. श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषण करणारा माणूस त्या दिवशी माणसाच्या खांद्यावर बसला होता.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश दिला. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. १९८० साली पंजाबातल्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्यात, ओढणाराच रिक्षेचा मालक कसा होईल याचा विचार याच न्यायालयाने केला होता. तो धागा ४५ वर्षांनी पुन्हा हाती घेतला गेला.

आम्ही आनंदाने हे बोलू लागलो, तेव्हा यजमान शांतपणे म्हणाले, "भाऊ, ओझं उतरलं हे बरंच झालं. पण परवाने चौऱ्याण्णव, आणि आधी ठरल्या होत्या ई-रिक्षा वीस. उरलेल्यांनी काय करायचं? आणि गाडी माझ्या नावावर, का मी दुसऱ्याच्या गाडीवर नोकर?"

बंधुभगिनींनो, सारा प्रश्न या दोन वाक्यांत आहे. गाड्या खऱ्याखुऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, असे न्यायालयाने म्हटले आहे. पण कागदावरचा हक्क हातात येईपर्यंत मागे लागावे लागते, हे आम्हांला लोखंड्यांनी शिकवले. शिवाय घोडेवाल्याचेही पोट आहे. रिक्षावाल्याचे भले घोडेवाल्याच्या पोटावर पाय देऊन झाले, तर ते भले टिकणार नाही. दोघांनी एका चटईवर बसले पाहिजे. बसणे कठीण आहे, पण त्याहून सोपी वाट आम्हांला ठाऊक नाही.

आणखी एक आठवण देतो. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवरून कितीतरी पाहुणे गड पाहायला जात. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा मदतीची माणसे काळोखात, पावसात पायवाटेनेच चढली. आपल्याला जी पायवाट मौजेची वाटते, ती यजमानाला दवाखान्याची एकच वाट असते. पाहुण्याने हे विचारले पाहिजे.

आमचे मागणे थोडे आहे. डोंगरावर जरूर जा. घरी उतरा. भाकरीची घासाघीस करू नका. यजमानाचे नाव विचारा, त्याच्या वाटेची आणि परवान्याची चौकशी करा. आणि तो मोर्चा घेऊन खाली आला, तर त्याला ओळख द्या.

निघताना आम्ही मावशींना आणि त्या रिक्षावाल्या बंधूंना सांगितले, "आता एका रविवारी तुम्ही आमच्याकडे या." दोघांनी हसून मान हलवली. अजून ती मंडळी आलेली नाहीत. आम्ही वाट पाहतो; पण रविवारी येणे त्यांना कसे जमावे?