दूध वाढले, पण उरले किती?



दुधाचा धंदा कसा चाललाय, असे विचारले की पुष्कळ जण म्हणतात, "झकास! दूध वाढलं." दूध वाढले, ही चांगलीच गोष्ट. पण धंदा वाढला का? ते आज आपण पाहू.

समजा, एका घरी दोन म्हशी आहेत. मागच्या वर्षी रोज ८ लिटर दूध निघे. ५० रुपये भावाने ४०० रुपये येत. चारा, पेंड, औषध यांना २८० रुपये लागत. उरत १२० रुपये. यंदा पेंड वाढवली. दूध १० लिटर झाले, ५०० रुपये आले. पण खर्च ४०० वर गेला. उरले १०० रुपये. दूध वाढले आणि घरात २० रुपये कमी आले! आता नुसते लिटर पाहून कर्ज काढले आणि तिसरी म्हैस आणली, तर काय होईल? तोटाच दावणीला बांधला जाईल.

म्हणून आम्ही सांगतो, वहीत तीन गोष्टी लिहा.

पहिली, उरलेले पैसे. घरच्या शेतातला चाराही खर्चात धरा. तो विकला असता तर पैसे आलेच असते ना?

दुसरी, फॅट. फॅट म्हणजे दुधातला लोण्या-तुपाचा अंश. डेअरीत नुसत्या मापावर पैसे मिळत नाहीत. फॅट कमी लागली की भाव उतरतो. डेअरीची पावती फेकू नका. ती वाचा आणि आकडा उतरवून घ्या.

तिसरी, तारखा. म्हैस व्याली कधी, माजावर आली कधी, भरवली कधी? म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते. व्याल्यावर तीन महिन्यांत गाभण राहिली, तर १३-१४ महिन्यांत पुन्हा विते. एक माज चुकला की सुमारे २१ दिवस वाया गेले. भाकड म्हैस दूध देत नाही, पण चारा खातेच. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. रात्री आणि पहाटे लक्ष ठेवा.

गोठ्याचे काम बहुतेक घरी बायाच करतात. माज त्यांनाच आधी कळतो. तेव्हा वही त्यांच्याही हाती असू द्या. महिना संपला की दोघांनी बसून बेरीज करा. चार-सहा महिने उरलेला पैसा वाढताना दिसला, तरच तिसऱ्या म्हशीची गोष्ट काढा.