कर कुणाचा, काम कुणाचे?

(किरनापूर येथे शेतकरी आणि मच्छीमार यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी देवस्थानच्या गावात मुलांना गणित शिकवणारा साधा मास्तर. अध्यापक विद्यालयात आम्हाला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट पाठ करायला लावली होती: मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करा आणि मग जे ठाऊक नाही तिकडे न्या. म्हणून आज कराविषयी बोलताना मी दिल्लीपासून सुरुवात करणार नाही. तुमच्या घरच्या साबणाच्या वडीपासून करणार आहे.

पुष्कळ लोक मला म्हणतात, "मास्तर, कर भरणारे मोठे लोक. आम्ही गरीब, आम्हाला कसला कर?" बंधूंनो, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. आयकर तुम्ही भरत नाही हे खरे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंत मिळवणाऱ्यालाही तो भरावा लागत नाही. पण १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. तो कर मागायला तुमच्या दारात कुणी शिपाई येत नाही. वस्तूच्या किमतीत बसून तो तुमच्या घरात येतो आणि तुम्ही दुकानदाराच्या हातावर पैसे ठेवता तेव्हाच तो भरला जातो.

आता पाटीवर एक उदाहरण मांडू. अंगाचा साबण, डोक्याचे तेल आणि दातांची पेस्ट यांवर २०२५ च्या सप्टेंबरापर्यंत १८ टक्के कर होता. समजा, एका घरात महिन्याला ८,००० रुपये येतात आणि या तीन वस्तूंवर करापूर्वीचे ६०० रुपये खर्च होतात. कर झाला १०८ रुपये. शेजारच्या घरात ८०,००० येतात. ते दुप्पट साबण-तेल वापरतात असे धरा. त्यांचा कर झाला २१६ रुपये. आकडा त्यांचा मोठा, पण ओझे कुणाचे मोठे? पहिल्या घराच्या दर हजारातून साडेतेरा रुपये गेले आणि दुसऱ्या घराच्या दर हजारातून तीनहून कमी. गरिबाच्या मिळकतीला पाचपट चिमटा बसला. वस्तूवरच्या कराचा हा स्वभावच आहे. तो माणूस पाहत नाही, फक्त वस्तू पाहतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या तिन्ही वस्तूंवरचा कर ५ टक्क्यांवर आला. सायकल आणि ट्रॅक्टर यांवरचा १२ चा ५ झाला. मुलांच्या वह्या आणि पेन्सिली यांवर आता कर नाही. चांगले झाले, आणि चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. पण पिकावर फवारायच्या रासायनिक औषधावर १८ टक्के कायम आहे. व्यापाऱ्याने मालावर भरलेला कर त्याला पुढे वळता करून मिळतो. शेतकऱ्याला तो मिळत नाही, कारण त्याच्या धानावर कर नाही, म्हणून वळता करायला जागाच नाही. औषधावरचा कर त्याच्याच अंगावर राहतो. आणि धान पिकवणाऱ्याने हंगाम संपल्यावर २५ किलोपर्यंतची छापील, बंद पिशवीतली तांदळाची थैली विकत आणली, तर तिच्यावर जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे.

दोन वस्तू या कराच्या बाहेर आहेत, त्या नीट ध्यानात ठेवा: डिझेल आणि दारू. डिझेलवर केंद्र वेगळा कर घेते आणि राज्य वेगळा. दारूवर राज्य घेते. बाकी बहुतेक वस्तूंवर स्वतःच्या मर्जीने कर ठरवण्याचा राज्याचा अधिकार २०१७ नंतर संपला. राज्याच्या हाती मुख्यतः डिझेल-पेट्रोल, दारू, गाड्या आणि जमिनीचे दस्त एवढेच उरले. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता दुसरा प्रश्न. कर घेतला, ठीक. गेला कुठे?

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे लेखी निवेदन दिले. सरकारच्या तिजोरीतला मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. मी शाळामास्तर, म्हणून ही तक्रार मला रोज आठवते. गावच्या शाळेचे छप्पर गळते तेव्हा ते दुरुस्त करायला पैसा कुठून येणार? तुमच्याच साबणातून आणि तुमच्याच डिझेलातून. म्हणून कर म्हणजे लूट असे मी कधीच म्हणणार नाही. कर नसेल तर शाळा नाही, दवाखाना नाही, रस्ता नाही. श्रीमंताला या तिन्ही गोष्टी विकत घेता येतात. गरिबाला कराच्या पैशाशिवाय त्या मिळत नाहीत.

कर योग्य खात्यात बांधून ठेवला तर काय होते याचा दाखला तुमच्या डोळ्यांसमोर आहे. बाघ नदी पाहा. या काठाला बालाघाट जिल्हा, त्या काठाला गोंदिया. दोन्हीकडे धान, दोन्हीकडे तलाव, रोवणीची घाई तीच आणि पाऊस दगा देतो तोही दोन्हीकडे. १९५६ पर्यंत दोन्ही काठ एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमा आखली गेली. तो काठ मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात गेला. हा काठ मध्य प्रदेशात राहिला.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने सोसला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रह धरला होता की काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य व्हावे. पण नुसत्या आग्रहाने मजुरी निघत नाही. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. शहरातला पगारदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांच्याकडून तो घ्यायचा, रोजगार हमीच्या निधीत टाकायचा आणि सरकारने तेवढीच भर घालायची. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. आजही महाराष्ट्रात बहुतेक पगारदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. ज्याला दरमहा पगार आहे त्याच्याकडून घ्यायचे आणि ज्याला पावसावर जगायचे आहे त्याच्या हाताला काम द्यायचे, असा हा सरळ हिशेब होता. बंधारे, पाझर तलाव आणि रस्ते त्यातून झाले.

आणि या काठाला? वृत्तिकर इथेही आला, १९९५ च्या कायद्याने. पण त्या कराला कामाची हमी बांधलेली नव्हती. बालाघाटच्या मजुराला कायद्याने काम मागण्याचा हक्क मिळाला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, केंद्राचा २००५ चा कायदा पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला तेव्हा. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर यायला त्या हक्काला २७ वर्षे लागली.

महाराष्ट्रात सगळे गोड झाले असे समजू नका. पुढे अनेक वर्षे कर भरपूर जमला आणि कामांवर मात्र त्या मानाने कमी खर्च झाला, अशी टीका तिथे झाली. म्हणजे खाते बांधले तरी खात्यावर लक्ष ठेवणारा जागा लागतो.

आता आजची गोष्ट ऐका, कारण तुमचा संबंध इथेच आहे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांच्या कामाची हमी लिहिली आहे. ऐकायला गोड आहे. पण जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र देत असे. नव्या कायद्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांसारख्या राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. केंद्र ठरवील त्या रकमेच्या वर खर्च गेला तर तोही राज्याचा. शिवाय शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवायची आहेत.

मघाशी डिझेल आणि दारू ध्यानात ठेवा म्हटले ते यासाठीच. राज्याने हा ४० टक्के पैसा आणायचा कुठून? केंद्र जो उपकर आणि अधिभार घेते, त्यात राज्याला वाटा नसतो. मग राज्याच्या हाती उरते काय? तुमच्या पंपाचे डिझेल, मासळी बाजारात नेणाऱ्या गाडीचे डिझेल आणि गावातले दारूचे दुकान. म्हणजे मजुराच्या मजुरीसाठी मजुराच्याच खिशात हात जाण्याची भीती आहे. आणि दारूवर तिजोरी चालली तर दुकान बंद करा म्हणणाऱ्या मायबहिणींचे कोण ऐकणार? दुसरी भीती अशी की राज्य वाटा टाळील, कामे काढणारच नाही, आणि १२५ दिवस कागदावर राहतील. मग तलावातला गाळ तलावातच राहील. गाळ राहिला की पाणी कमी, पाणी कमी की शेवटच्या बांधीला पाणी नाही आणि रोहू-कतल्याचे बीज वाढायला जागा नाही. शेतकरी आणि मच्छीमार दोघेही एकाच तलावात बुडतील. आणि पोरे पुन्हा नागपूरची, हैदराबादची वाट धरतील.

म्हणून करायचे काय? तीन गोष्टी करा. काम हवे असेल तर तोंडी मागू नका. अर्ज लिहून द्या आणि तारखेची पावती घ्या. १५ दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता, हा हिशेब तारखेपासूनच सुरू होतो. तारीख नाही तर हक्क नाही. दुसरे, ग्रामसभेत शेतकरी आणि मच्छीमार यांनी एकत्र बसून तलावाचे काम यादीत पहिले लिहून घ्या. वेगवेगळे बसाल तर दोघांचेही नाव खाली जाईल. तिसरे, मते मागायला येईल त्याला एवढेच विचारा: "आमच्या मजुरीचा राज्याचा वाटा तू कोणत्या करातून आणणार, आणि तो वेगळ्या खात्यात ठेवणार की नाही?" उत्तर लेखी मागा.

हे विचारताना मान खाली घालू नका. तुम्ही दान मागत नाही. साबणाच्या प्रत्येक वडीबरोबर आणि डिझेलच्या प्रत्येक लिटरबरोबर तुम्ही कर भरला आहे. ज्याने पैसे दिले त्याने हिशेब मागायचा असतो. शाळेतले पोरसुद्धा दुकानातून येताना उरलेली मोड मोजून घेते. तेवढे आपण मोठ्या माणसांनी करू या.