जात चोरावी का लागते?

(वर्धापनदिनी विहारात झालेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार, पंडित नाही. आज बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेवर दोन शब्द बोलतो. याच नावाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली निघाला. बाबूराव माटुंगा लेबर कॅम्पात वाढले, रेल्वेत नोकरी केली. म्हणजे आपल्यातलेच.

कथा थोडक्यात अशी. एक शिकलेला तरुण रेल्वेच्या नोकरीवर परमुलखात जातो. जात विचारली तर खरे सांगत नाही. सोबतचा तिवारी त्याला उच्च कुळातला समजून जवळ करतो, मान देतो. तिथेच काशिनाथ आहे. तो जात लपवीत नाही, अपमान झाला की उसळून उठतो. पुढे तरुणाची जात उघडी पडते. मान देणारेच त्याला झोडपतात, आणि धावून येतो तो काशिनाथच!

आता बघा. तिवारी काही शेठ नाही, तोही कामगारच. काम एक, भोंगा एक. मग फरक पडला कुठे? घराच्या उंबरठ्यावर. गिरणीतही तेच होते. विणाई खात्यात साच्यांवर पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. संपाला आमची एकी हवी होती, धाग्याला आमची थुंकी चालत नव्हती.

आमच्या थोरल्याने भाड्याची खोली बघताना आडनाव गाळून नुसते नाव सांगितले. आम्ही त्याच्यावर खूप चिडलो. मग ही कथा पुन्हा वाचली आणि गप्प झालो. पोराला चोर कसे म्हणावे? ज्याने आडनाव ऐकून खोली द्यायची की नाही ते ठरवायचे, खरा चोर तो.

पण पोरांनो, त्या तरुणाला लपवून काय मिळाले? चार दिवसांचा मान आणि रोजची धास्ती. लपवलेली वस्तू घरातच राहते. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला जात लपवायला नाही, टाकायला शिकवले.

येत्या रविवारी वंदनेनंतर ही कथा इथे मोठ्याने वाचू. पोरांना घेऊन या. आमचा थोरलाही येईल.

नमो बुद्धाय! जयभीम!